ओढ्यात सोडलेला रंग

माझ्या सासरी रेशीम रंगवायचं काम होतं. कितव्या पिढीपासून, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. आमचे मूळपुरुष मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आले, फौज परत गेली आणि आम्ही राहिलो, एवढंच सासरे सांगत. मी निपाणीकडची. लग्न होऊन बंगळूरला आले, तेव्हा आमची निपाणी अजून मुंबई राज्यात होती. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "स्वल्प पाणी दे गं," आणि मला वाटलं, या बाई किती पुस्तकी मराठी बोलतात. दुपारपर्यंत कळलं, की तो कानडीतला शब्द आहे आणि दारावरची भाजीवालीही तसंच म्हणते. त्या घरात सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले.

घर शहराच्या पश्चिम टोकाला, म्हैसूर रस्त्याच्या बाजूला होतं. पुढं राहायच्या खोल्या, मागं मोठं अंगण, आणि ते अंगण उतरत उतरत थेट ओढ्यापर्यंत गेलेलं. हा ओढा पुढं वृषभावती नदीला मिळायचा. अंगणात चुलाणांवर तांब्याच्या मोठ्या कढया चढवलेल्या असत. कच्चं रेशीम हाताला राठ आणि चिकट लागतं. ते आधी साबण आणि सोडा घातलेल्या पाण्यात उकळून काढायचं. त्या पाण्याला कुबट वास यायचा, ओल्या घोंगडीसारखा. मग लडी धुवायच्या, रंगाच्या कढईत काठ्यांवर टांगून फिरवत राहायच्या, पुन्हा ओढ्यात धुवायच्या, पिळायच्या आणि सावलीत वाळत घालायच्या. अण्णांच्या वडिलांच्या काळी लाख, नीळ, पळसाची फुलं असं सगळं असायचं. माझ्या वेळेपर्यंत रंग डब्यांतून यायला लागले होते. चिमूटभर पूड टाकली की अख्खी कढई पेटल्यासारखी दिसायची.

काम झालं की कढईत उरलेलं पाणी ओढ्यात सोडून द्यायचं. याला कुणी काम म्हणत नव्हतं. जेवण झाल्यावर ताटातलं पाणी टाकावं, तसं ते होतं. अंगणाच्या कडेला दगडी पन्हळ होती, तिच्यातून लाल, हिरवं, जांभळं पाणी खाली जायचं. ते बघायला मला आवडायचं. नवी होते, घरची आठवण यायची, तेव्हा मी त्या पन्हळीपाशी जाऊन बसायची. रंग पाण्यात शिरताना आधी दोरीसारखा सरळ जातो, मग त्याचे धागे सुटतात आणि मग सगळा ओढाच त्या रंगाचा होतो. वळणापलीकडं त्याचं पुढं काय होतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

वळणापलीकडं माझी नणंद राहत होती.

वन्सं माझ्याच वयाच्या. माझ्या लग्नानंतर काही महिन्यांतच त्यांचं लग्न झालं. दोन-तीन मैलांवर, नदीकाठच्या एका लहानशा गावात, आमच्यातल्याच एका बागायतदाराच्या घरी त्यांना दिलं होतं. घरात वन्संचे यजमान आणि त्यांची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. विहीणबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यांनीच मळा उभा केला होता. कनकांबराची, म्हणजे अबोलीची फुलं, शेवंती, वांगी, कोथिंबीर असं पहाटे गाडीत भरून बाजारात यायचं. प्यायच्या पाण्याची विहीर नदीच्या पात्रापासून अगदी जवळ होती आणि कपडे धुवायला नदी होतीच. मुलगी पाण्याकाठी दिली, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानानं सांगत.

माहेरी आल्या की वन्सं एक गंमत करायच्या. पायावर पाणी घ्यायच्या आतच म्हणायच्या, की परवा तुम्ही आंब्याचा रंग काढलात आणि त्याच्या आदल्या दिवशी मोरपंखी. ते बरोबर असायचं. नदीवर गेलं की पाणी बघून त्यांना आमच्या अंगणात काय चाललंय ते कळायचं. अण्णांना याचं फार कौतुक. रेशमाचे व्यापारी आले की त्यांना ऐकवायचे, की माझी मुलगी सासरी बसून ओळखते, आज बाप काय रंगवतोय ते. व्यापारी हसायचे. आम्हीही हसायचो. वन्संसुद्धा हसायच्या, त्यामुळं आम्हाला कसली शंका यायचं कारण नव्हतं. पुढं कधीतरी त्यांनी ते सांगणं बंद केलं. का बंद केलं, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते बंद झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. थंडी संपायच्या आतच ओढा इतका बारीक झाला, की लडी धुवायला त्यात खड्डे करून पाणी साठवावं लागे. लग्नसराई मात्र जोरात होती आणि त्या वर्षी सगळ्यांना राणी रंगाच्या साड्या हव्या होत्या. आमच्या चारही चुलाणांवर राणी रंग. माझ्या हातांच्या रेषांतसुद्धा तो रंग बसला होता. पोळ्या लाटताना कणकेला लागेल की काय, अशी भीती वाटायची.

त्याच दिवसांत वन्संना सातवा महिना लागला. डोहाळजेवण त्यांच्या सासरी होतं. अण्णांनी लेकीच्या हिरव्या साडीचं रेशीम स्वतःच्या हातानं रंगवलं, विणकराकडून साडी करून आणली, आणि आम्ही सगळे जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, बसून निघालो. अण्णा, अक्का, माझे यजमान आणि मी. डोहाळजेवण हा बायकांचा कार्यक्रम, पण अण्णांना ती साडी लेकीच्या अंगावर पाहायची होती.

घरात आंब्याची तोरणं होती. बायका जमल्या होत्या. वन्संना हिरवी साडी नेसवून फुलांच्या दागिन्यांत बसवलं होतं. विहीणबाई पुढं आल्या नाहीत. विधवा बाई अशा वेळी मागंच राहायची, तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. ओटी भरून झाली, चित्रान्नाची आणि होळीगेची, म्हणजे पुरणपोळीची, पानं मांडली. वाढायला मदत करावी म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर तिथं पाण्याचे हंडे रिकामे होते आणि दोन बायका कमरेवर घागरी घेऊन घामाघूम होऊन येत होत्या. विहीर तर अंगणापलीकडंच होती. मी वन्संना हळूच विचारलं, की पाणी लांबून का आणताय. त्या म्हणाल्या, की विहिरीच्या पाण्याला जरा चव आलीय. असं म्हणून त्यांनी तोंड वळवलं.

जेवण झाल्यावर अण्णा हात धुवायला मागच्या अंगणात गेले. मी तांब्या घेऊन त्यांच्या मागोमाग. तिथं भिंतीच्या आडोशाला विहीणबाई खरकटी भांडी गोळा करत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि पदर घाईघाईनं मागं ओढून घेतला. पण लपवण्यासारखं ते नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर पदरापासून घोळापर्यंत राणी रंगाचे डाग होते, काही फिके, काही चांगलेच गडद, हात-हात लांबीचे. त्या काळच्या विधवा बाईच्या अंगावर तो रंग.

अण्णा हात पुढं करून उभे होते. मी पाणी घालत होते, पण त्यांनी हात चोळले नाहीत. पाणी तसंच ओघळून गेलं.

"हे काय, विहीणबाई?" अण्णांनी विचारलं.

"नदीत भिजत घातलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळीच लुगडी तशी झाली. खूप धुऊन पाहिली." आणि मग, "तुमचा रंग पक्का आहे, अण्णा. जात नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. रंग करणाऱ्या माणसाला रंगाबद्दल काय सांगायचं, ते त्यांनी सांगितलं. पण ज्या गोष्टीसाठी आमच्या घराचं बाजारात नाव होतं, ती गोष्ट त्या बाईच्या अंगावर अशी पाहिली आणि माझे कान गरम झाले. मी तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. तांब्यातलं पाणीसुद्धा कुणीतरी लांबून कमरेवर आणलेलं होतं आणि मी ते त्यांच्या अंगणात सांडत होते.

अण्णांनी नदी बघायची म्हटलं. वन्संचे यजमान त्यांना घेऊन गेले, मागून मी. नदीचं पात्र जवळजवळ कोरडं होतं. मधे मधे डबकी साचली होती आणि त्या डबक्यांच्या कडेला गुलाबी फेस वाळून चिकटला होता. वास तोच होता, आमच्या अंगणातला, ओल्या घोंगडीचा. घरी त्या वासात मी स्वयंपाक करत होते, जेवत होते. तिथं उघड्या रानात मात्र मी पदर नाकाला लावला. काठावरच्या शेवंतीची पानं करपली होती. गुरं पाण्याजवळ जाऊन हुंगत आणि माघारी फिरत. वन्संचे यजमान फार बोलणारे नव्हते. अण्णांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की दोन उन्हाळे असंच चाललंय, यंदा पाणी कमी म्हणून डोळ्यांना दिसतंय. गावातले लोक बोलायला येणार होते, पण वन्संनी सासूच्या पाया पडून सांगितलं होतं, की माझ्या वडिलांपर्यंत जाऊ देऊ नका, मी आहे तोवर नको.

परतताना जटक्यात अण्णांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले होते. त्यांची नखं कायमची रंगलेली असत. एरवी ते हात हलवून हलवून बोलायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलाणं पेटवू दिली नाहीत. यजमान म्हणाले, व्यापारी दारात बसतील, आणि ओढ्यावर आपण एकटेच थोडे आहोत, वरच्या अंगाला आणखी रंगारी आहेत, पलीकडं साबणवाले आहेत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांचा रंग त्या लुगड्यावर नव्हता," एवढंच म्हणाले.

काम कायमचं बंद ठेवणं शक्य नव्हतं. कारागीर होते, त्यांची घरं होती. तेव्हा पाणी ओढ्यात जायच्या आत त्यातला रंग काढता येईल का, हे अण्णा शोधायला लागले. रंग चढवणं त्यांना माहीत होतं, उतरवणं कुणीच शिकवलं नव्हतं. माझ्या माहेरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचे, ते मी सांगितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचे पेले मांडले आणि एकेकात उरलेलं पाणी घेऊन आम्ही काय काय घालून बघितलं. तुरटीनं थोडं झालं. नुसत्या चुन्यानं थोडं झालं. मग अण्णांनी काळ्या रंगासाठी ठेवलेलं हिराकस आणून चुन्याबरोबर घातलं. दुपारी बघितलं, तर पेल्याच्या तळाशी काळपट चोथा बसला होता आणि वर फिक्या चहासारखं पाणी होतं. अक्कांनी तो पेला उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

मग अंगणात ओळीनं तीन खड्डे खणले. पहिल्यात सगळं पाणी गोळा व्हायचं, दुसऱ्यात चुना आणि हिराकस घालून घुसळायचं आणि रात्रभर बसू द्यायचं, तिसऱ्यात वाळू आणि कोळशाचे थर होते, त्यांतून झिरपून ते ओढ्याला जायचं. चुन्यानं हातांची सालं निघत. वरच्या अंगाचे रंगारी बघायला आले आणि म्हणाले, आता रंगारी पाण्यालाही अंघोळ घालायला लागले. अण्णा त्यांना प्रत्येक खड्डा दाखवत, समजावून सांगत. त्यांनी आपल्याकडं तसं काही केलं नाही. पण अण्णांच्या चेहऱ्यावर थोडं तेज परत आलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वन्संना तोवर आमच्याकडं आणलं होतं. संध्याकाळी त्या खड्ड्यांपाशी पाट टाकून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, की आता सासरी गेल्यावर सांगायला काहीतरी आहे.

त्यांना मुलगी झाली.

एक गोष्ट मात्र आम्ही पुढं ढकलत राहिलो. दुसऱ्या खड्ड्याच्या तळाशी बसलेला तो काळा चोथा घमेल्यांनी काढून आम्ही अंगणाच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या अगदी काठावर टाकत होतो. तिथंच जागा मोकळी होती. वाळला की वर उचलून नेऊ, असं यजमान म्हणत. कामाची गर्दी होती, घरात बाळंतीण होती, आणि तो ढीग वाढत गेला. मीही त्यावर कितीतरी घमेली रिकामी केली.

बारशाच्या चार दिवस आधी दुपारी वळीव आला. आधी गारा, मग असा पाऊस की समोरची भिंत दिसेना. अंगणाचा उतार सगळं पाणी खाली घेऊन चालला. खड्डे भरले, त्यांच्या कडा ढासळल्या, आणि मग तो ढीग हलला. आम्ही ओसरीवर उभे होतो. अख्ख्या लग्नसराईचा रंग, चुना, हिराकस, रेशमाचा चिकटा, जे जे आम्ही दोन महिने ओढ्यापासून अडवलं होतं, ते सगळं एका लोटात ओढ्यात गेलं. त्या पाण्याला रंगसुद्धा म्हणता येत नव्हतं. अण्णा फावडं घेऊन पावसात धावले आणि मातीचा बांध घालायला लागले. बांध लगेच वाहून जायचा, ते पुन्हा घालायचे. शेवटी यजमानांनी त्यांना धरून वर आणलं. वन्सं मुलीला छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गावाकडून निरोप आला. नदीत मासे पोट वर करून तरंगत होते. पुराचं पाणी विहिरीत शिरलं होतं आणि विहीर काळी झाली होती.

बारशाला वन्संच्या सासरचे येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण नात त्यांची होती, ते आले. विहीणबाई नव्या कोऱ्या पांढऱ्या लुगड्यात होत्या. अक्कांनी उंबऱ्याशीच गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. विहीणबाईंनी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला.

"पाणी नको," त्या म्हणाल्या. "आम्ही पिऊन आलोय."

त्यांच्या मुलानंही पाणी घेतलं नाही, बरोबर आलेल्या कुणीच घेतलं नाही. पाळणा म्हटला, नाव ठेवलं, मुलीच्या अंगावर झबलं घातलं, सगळं रीतसर झालं. जेवायच्या आधी, गाडी लांब जायचीय असं सांगून ते उठले. दोन-तीन मैलांचं लांब. अक्का तो तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. घरात पंचवीस माणसांचा स्वयंपाक झालेला होता आणि त्याचा वास सगळीकडं भरून राहिला होता.

मी वन्संच्या खोलीत गेले. त्या मुलीला थोपटत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी आता पाणी कुठं पिऊ?"

मी खाली बसले आणि मुलीचे पाय चेपत राहिले, जणू तेच करायला आले होते.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच गावाला निघाले. बरोबर यजमान आणि आमचे कारागीर, घमेली, दोर, पोहरे. विहिरीचा गाळ उपसायचा आणि नदीच्या काठावर साठलेला काळा थर खरवडून काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाची परवानगी मागितली नाही आणि कुणी अडवलंही नाही. मी रोज दुपारी भाकरी घेऊन जायची. गावातली माणसं विहिरीच्या कठड्याभोवती बसलेली असत. कोणी कानडीत म्हणे, की रंगाऱ्याचा म्हातारा आज आपलाच रंग पितोय. बाकीचे हसत. अण्णांना कानडी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. ते विहिरीत कमरेइतक्या गाळात उभे राहून घमेलं भरत राहायचे. मी भाकरीचं फडकं हातात घेऊन लोकांच्या मागं उभी असायची आणि ते वर येईपर्यंत पुढं व्हायचं माझं धाडस व्हायचं नाही. एकदा तर मी झाडामागं थांबले, की मी त्यांची सून आहे हे कुणाला कळू नये.

वन्संचे यजमान पहिले काही दिवस मळ्यातच राहिले. मग एका सकाळी तेही दोर धरायला आले. विहीर उपसून झाली, पण त्या उन्हाळ्यात तिचं पाणी काही प्यायच्या लायकीचं झालं नाही.

पावसाळ्यानंतर अण्णांनी खड्ड्यांच्या जागी दगड-चुन्याच्या टाक्या बांधल्या, त्यांवर झाकणं केली, आणि चोथा वाळवायला घराच्या वरच्या अंगाला, ओढ्यापासून लांब, वाफे केले. वाळलेला चोथा तिथंच खोल पुरायचा. हे सगळं आधीच करता आलं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडानं म्हणत नव्हतं. नंतर मात्र आमच्या अंगणातून पुन्हा कधी रंग गेला नाही. पुढच्या वर्षी विहीर सुधारली. त्यानंतर केव्हातरी विहीणबाई नातीला घेऊन आल्या आणि आमच्याकडं कॉफी प्यायल्या. अक्का आत जाऊन रडल्या. बाहेर आल्या तेव्हा विहीणबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं आणि भलत्याच विषयावर बोलायला लागल्या. अण्णा मात्र गावाला पुन्हा पाहुणे म्हणून गेले नाहीत. लेकीला भेटायचं असलं तर तिलाच बोलावून घेत.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

साठ सालानंतर आमच्या बाजूला शहर भराभर वाढलं. मळ्यांच्या जागी नव्या वस्त्या झाल्या, रस्त्याखालून सांडपाण्याचे मोठे नळ घालायला लागले. घराघरांत साखळी ओढायचे संडास आले. तोवर आमच्याकडं मागच्या बोळातून भंगीण यायची आणि डोक्यावरून पाटी न्यायची. ती बाई पाटी उचलताना दिसली की मी आत पळायची. तेव्हा गल्लीत नळ आला, याचा मला किती आनंद झाला असेल, ते सांगायला नको. अण्णांनी मात्र नळ घालणाऱ्या साहेबांना थांबवून विचारलं, की हा जातो कुठं. साहेबांनी हातानं ओढ्याकडं दाखवलं. पुढं पाणी साफ करायची काही सोय आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, व्हायची आहे, नळ आधी, ते मागून.

"मग आपणही मागून," अण्णा म्हणाले.

सगळ्या गल्लीनं जोडणी घेतली, आम्ही घेतली नाही. महिने गेले. पाटीवाली बाई यायची बंद झाली, कारण एका घरासाठी ती कुठं येणार. माझी मुलं लहान होती, अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. मी अण्णांसमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, सगळ्यांनी घेतलंय, आपल्या एका घराच्या न घेण्यानं नदीत काय फरक पडणार आहे. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मला उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि यजमानांना जोडणी घ्यायला सांगितलं.

त्यानंतर वन्सं आल्या तेव्हा मी त्यांना नवा संडास दाखवला. कशी सोय झालीय, हे सांगताना माझ्या लक्षातच आलं नाही, मी कुणाला सांगतेय. त्या आत जाऊन आल्या, हात धुतले, पदराला पुसले.

"छान झालं, वहिनी," त्या म्हणाल्या. "अक्कांचे हाल वाचले. आमच्याकडं येतंच ते सगळं."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, गावाला कुठली मोटार येते ते सांगावं तसं. मी चुलीकडं वळले आणि दूध उतू जात नसताना पातेलं खाली उतरवलं.

नदी पुढच्या काही वर्षांत काळी झाली. लाल-हिरवे रंग दिसेनासे झाले, वास मात्र मैलभरावरून यायचा. कुणाला जाऊन काय सांगायचं, हा प्रश्नच उरला नाही, कारण ते सगळ्यांचंच होतं. अण्णा तरीही टाक्यांत चुना आणि हिराकस घालून पाणी बसवत राहिले. फिक्या चहासारखं ते पाणी झिरपून खाली जायचं आणि त्या काळ्या ओढ्यात मिसळायचं. यजमान एकदा म्हणाले, की आता हे कशाला. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखे घुसळत राहिले. ते गेल्यावर यजमानांनी काही महिने ते चालू ठेवलं. पुढं रंगाचं कामच बंद पडलं, तेव्हा आम्ही टाक्या मातीनं भरून टाकल्या.

वन्संच्या सासरी आधी फुलं गेली, मग भाजी. बाजारात त्यांच्या गावची कोथिंबीर लोक हातात घेऊन हुंगायचे आणि परत ठेवायचे. विहीणबाई वारल्या, त्यानंतर त्यांनी मळा विटा भाजणाऱ्याला विकला आणि आमच्यापासून जवळच, टेकाडावरच्या एका चाळीत दोन खोल्या घेतल्या.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले. मुलगी आता मोठी झाली होती, तीच भांडी गुंडाळत होती. नाकाला पदर लावून आम्ही तिघींनी घर रिकामं केलं. हंडे, घागरी सगळं गाडीत चढवलं. मला काहीतरी बोलायचं होतं, सकाळपासून मी ते मनात जुळवत होते, पण वन्सं एका मागून एक काम सांगत राहिल्या आणि मी ते करत राहिले. दार ओढून घेतल्यावर त्यांनी कडी दोनदा हलवून पाहिली. मग गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की सकाळपासून पोटात काही नाही, घरून काही आणलं असशील तर काढ. मी दहीभाताचा डबा उघडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.